भागिले बारा

रात्री अडीचनंतर तळमजल्यावर
फ्रिजची घरघर आणि मी.
सदतीस अंशांच्या पाण्यात नळी बुडवायची,
थेंब सोडायचा, घड्याळ दाबायचं
आणि नळी तिरकी, सरळ, तिरकी, सरळ,
दिव्यासमोर धरून बघत राहायचं,
पाकाला तार धरतेय का बघावं तसं.

माझ्या रक्ताला बारा सेकंद लागतात.
रोज सकाळी शेट्येबाई माझ्याच हातात सुई घालतात.
आमच्याकडे निरोगी म्हणजे मी.
अख्ख्या वॉर्डाचे सेकंद
माझ्या बाराने भागले जातात.

अँटॉप हिलच्या एकाच नळाचं पाणी प्यालेले दोघे.
खाट सात, हरिश्चंद्र वाघधरे, बासष्ट.
खाट नऊ, मुनाफ सोलकर, चोवीस.
दोघांचे डोळे हळदीचे,
दोघांची लघवी कोऱ्या चहासारखी.
सगळ्यांचा जीव सातसाठी खालीवर:
वय, साखर, जुनी दारू.
डॉक्टर लोबोच्या मोबाइलमधलं गणितही
सातवरच बोट ठेवून होतं.
नऊ आपला उठून बसायचा,
सिस्टरकडे चार्जर मागायचा, बिस्किटं मागायचा.

सोमवारी नऊचे चौदा सेकंद.
मंगळवारी एकोणीस.
बुधवारी त्याची बहीण नौशीन माझ्या खिडकीशी,
रिपोर्टची घडी उलगडत:
"चार हजारांवरून सहाशेवर आलंय, ताई.
उतरतंय ना?"

उतरतंय, बाई.
रे रोडच्या लाकडाच्या वखारीला आग लागली
तेव्हा ज्वाळाही शेवटी उतरल्याच होत्या,
जळायचं ते सगळं जळून गेल्यावर.

हे मी बोलले नाही.
खिडकीतून कागद द्यायचा, अर्थ द्यायचा नाही,
हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात.
"डॉक्टरांना विचारा," म्हटलं,
आणि तिनं ते होकारासारखं
घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

त्या रात्री नळी तिरकी, सरळ.
बारा झाले. माझे संपले.
वीस.
तीस. पाणी नुसतंच हलतंय.
एक्केचाळीसला काहीतरी दिसलं,
ती माझीच पापणी होती.
बावन्न.
सत्तावन्नला तार धरली, तीही
बघता बघता तुटेल अशी.

भागिले बारा.
पावणेपाच.

मी फोन फिरवला. लोबो जिन्यानं गेला,
लिफ्टची वाट न बघता.
त्यानंच मग सांगितलं:
हात पुढे धर म्हटलं, गाडी अडवणाऱ्या हवालदारासारखे,
तर पंजे फडफडले, कावळा उडायच्या बेतात असावा तसे.
शंभरातून सात सात वजा कर म्हटलं.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
मग बराच वेळ शहाऐंशी.
सकाळच्या संमतीपत्रावर त्याची सही वळणदार, खाली दोन टिंबं.
रात्रीच्या कागदावर नुसता मु
आणि कडेबाहेर गेलेली रेघ.
"संध्याकाळी बिस्किटं खात होता तो,"
लोबो म्हणाला.
थोड्या वेळानं परत तेच म्हणाला.

गणित चुकलं असं नाही म्हणता येणार.
ते म्हणालं होतं शंभरात आठ.
ते आठ कोण, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं,
आणि खाटेवर शंभर जण झोपत नाहीत.

पहाटे आणखी एक नळी आली.
सोलकर, नौशीन. स्त्री, सत्तावीस.
आधी रक्तगट. जुळला.
मग तिचेही सेकंद.
अकरा.
माझ्याहून एक कमी.
मी ते दोनदा करून पाहिलं,
तेवढीच एक चांगली गोष्ट हातात होती म्हणून.

साडेसहाला गाडी दोघांना घेऊन गेली,
जिथं यकृत बदलतात त्या इस्पितळाकडे.
वाघधरे शनिवारी घरी गेले,
डब्यातल्या बेचव वरणाला नावं ठेवत.

नऊवर आता दुसरं कुणी आहे.
मी सकाळी बाही वर करते,
शेट्येबाई शीर शोधतात.
शहराच्या त्या टोकाला, कुठल्याशा तळमजल्यावर,
अनोळखी कुणाच्या तरी रक्तानं
मुनाफला भागत असतील.
उत्तर काय येतंय,
मला कळवायची पद्धत नाही.